साथ आधी कुणाला दिसते?

प्रश्न : मी सांख्यिकीत एम.एस्सी. करते आहे. पुढे साथरोगशास्त्राकडे वळून गरीब देशांत महासाथीचा धोका कमी करण्याचं काम करावं, असं फार मनात आहे. घरचे म्हणतात, जिथे धड दवाखाने नाहीत तिथे आकडेमोड करणारी मुलगी काय करणार? संगणकावर मॉडेलं करणं जास्त उपयोगी, की प्रत्यक्ष तिथे जाणं? – एक वाचक

उत्तर : आधी तिथे जा. मॉडेलं नंतरही करता येतील, आणि तेव्हा ती जास्त चांगली होतील, कारण त्यांत भरले जाणारे आकडे येतात कुठून हे तुम्ही पाहिलेलं असेल.

पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात, मेलियांदू गावात डिसेंबर 2013 मध्ये एक लहान मूल दगावलं. हा इबोला आहे, हे प्रयोगशाळेतून ठरायला मार्च 2014 उजाडला. पुढे मुख्यतः गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून 28,000 हून अधिक रुग्ण झाले, 11,000 हून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी जुलैत नायजेरियातल्या लागोसला विमानाने एक आजारी प्रवासी उतरला. डॉ. अमेयो स्टेला अदादेवोह यांना इबोलाची शंका आली, आणि त्याला सोडा म्हणून दबाव येत असतानाही त्यांनी त्याला रुग्णालयाबाहेर जाऊ दिलं नाही. त्याच संसर्गाने ऑगस्टमध्ये त्या गेल्या. पण नायजेरियात साथ 20 रुग्णांवर थांबली. पोलिओसाठी आधीच उभी असलेली यंत्रणा तातडीने इबोलाच्या कामाला लागली, आणि संपर्कातल्या जवळपास 900 जणांवर घरोघरी जाऊन लक्ष ठेवलं गेलं.

साथ ओळखायला गिनीत महिने लागले, लागोसला थोडे दिवस. हे अंतर कमी करणं हेच आम्हा साथरोगतज्ज्ञांचं काम. सध्या त्यासाठी 7-1-7 असं उद्दिष्ट मानतात: सात दिवसांत साथ ओळखायची, एका दिवसात वर कळवायची, पुढच्या सात दिवसांत प्राथमिक उपाय पूर्ण करायचे.

आता तुमच्या आकड्यांबद्दल. त्याच साथीत सिएरा लिओनमध्ये माझ्याकडे संपर्कशोधाच्या, म्हणजे रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांवर लक्ष ठेवण्याच्या, वह्या तपासायला यायच्या. प्रत्येक माणसापुढे 21 दिवसांचे 21 चौकोन, रोजचं तापमान लिहायला. एका वहीत एका अख्ख्या वस्तीचं तापमान रोज 36.5. माणसांचं तापमान असं कधी नसतं! वस्तीत गेल्यावर कळलं, थर्मामीटरची बॅटरी संपली होती, आणि वही भरणाऱ्या बाईंचा भत्ता कित्येक आठवडे थकलेला होता. तरी त्या रोज दारोदार जात होत्या, आजारी कोण आहे ते विचारत होत्या. त्यांना रागावणं मला अन्यायाचं वाटलं. बॅटरी आली, भत्ता मिळाला, वहीतले आकडे वरखाली व्हायला लागले. त्याच बाईंनी मला सांगितलं की दोन घरांतली माणसं रानात निघून गेली आहेत, कारण अलगीकरणात ठेवलेल्या घरांना तांदूळ वेळेवर पोचत नव्हता. मॉडेलमध्ये ही माणसं ‘संपर्क तुटला’ एवढीच दिसली असती.

म्हणून घरच्यांना सांगा, आकड्यांची जाण असलेलं माणूस तिथे हवंच आहे, फक्त त्याला वहीमागच्या माणसाशी बोलता यायला हवं. मोठा निधी साथ भडकल्यावर येतो. नमुना जिल्ह्याहून प्रयोगशाळेत नेणाऱ्या मोटरसायकलस्वाराला शांत वर्षांत पैसे मिळत राहावेत, यासाठी भांडावं लागतं, आणि माझ्या मते या पेशातलं सगळ्यात मोलाचं भांडण तेच. युगांडाने अशी मोटरसायकलींची व्यवस्था बसवली आहे. संधी मिळाली तर ती जवळून बघा.

पदवीनंतर फील्ड एपिडेमिऑलॉजीचं, म्हणजे साथीच्या जागी जाऊन करायच्या साथरोगशास्त्राचं, दोन वर्षांचं प्रशिक्षण घ्या. अनेक देशांत ते नोकरीसारखं, प्रत्यक्ष साथींवर काम करतच पूर्ण होतं. पुढच्या नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात, हे घरी आधीच सांगून ठेवा. आणि फ्रेंच याच वर्षी सुरू करा. गिनी, काँगो इथले अहवाल फ्रेंचमध्येच असतात, आणि दुभाष्यामार्फत बोललं की लोक निम्मंच सांगतात.