कुटुंब-साहाय्य सेवेचे मूल्यमापन : सुरुवात कुठून करावी

रत्नागिरीच्या किनारी गावांत तुम्ही कुटुंब-साहाय्य सेवेच्या मूल्यमापनाचे काम हाती घेत आहात, याचा मनापासून आनंद वाटला. प्रश्नावली तूर्त बाजूला ठेवा. आधी अंगणवाडी सेविका, आशाताई आणि समुपदेशक यांच्यासोबत बसून, ही सेवा घरात कोणता बदल घडवू पाहते आणि तो कशावरून ओळखायचा, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. अंगणवाड्या ज्या योजनेखाली चालतात, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून चालू आहे. सेविकांकडील नोंदी वाचल्याशिवाय त्यांच्यावर नवे रकाने लादू नका.

कोकणात सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे काळ. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशांच्या घरातील मिळकत आटते. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी परतल्याने घराची घडीच बदलते. पहिली पाहणी मे महिन्यात आणि दुसरी गणपतीत केली, तर दिसणारा फरक सेवेचा की हंगामाचा, हे सांगता येणार नाही.

नवखे अभ्यासक बहुधा पुढील चुका करतात :

- गृहभेटींची संख्या हाच परिणाम मानणे.
- सेविकेसमोरच कुटुंबाला तिच्या कामाविषयी विचारणे.
- सेवा मध्येच सोडलेल्या कुटुंबांना वगळणे. खरे तर त्यांच्याकडूनच सर्वाधिक कळते.

तुलना-गट (सेवा न घेणाऱ्या कुटुंबांचा गट) आणि सांख्यिकी यांचा विचार नंतर करू. पहिले निष्कर्ष मात्र अहवालाआधी सेविकांना वाचून दाखवा.