एखाद्या साध्या टीनएजर मुलीला अचानक कळतं की ती राजघराण्यातली आहे, असं खऱ्या आयुष्यात होतं का? झालं तर पुढे काय होतं? (मला यावर गोष्ट लिहायची आहे)

हो, होतं. बेल्जियममध्ये झालंय आणि ती केस मी बरीच वर्षं बातम्यांमधून फॉलो केली, त्यामुळे तिच्याबद्दलच लिहितो.

डेल्फीन बोएल, जन्म १९६८. अगदी साधी म्हणता येणार नाही, घर श्रीमंत होतं, आई सरदार घराण्यातली, पण राजवाड्याशी तिचा काही संबंध आहे असं तिला माहीत नव्हतं. लहानपणी घरी एक काका यायचे, आईचे मित्र, एवढंच. सतरा-अठरा वर्षांची झाल्यावर आईने सांगितलं की तेच तुझे वडील. ते म्हणजे प्रिन्स अल्बर्ट, तेव्हाच्या राजाचे धाकटे भाऊ, लग्न झालेले, तीन मुलं असलेले. पुढे १९९३ मध्ये भाऊ वारले आणि हेच काका राजे झाले, अल्बर्ट दुसरे.

आता बघा, सिनेमात या क्षणाला गाडी येते, मुकुट येतो, मेकओव्हर होतो. इथे काहीच आलं नाही. मुलीच्या हातात फक्त एक गुपित आलं जे कोणाला सांगायचं नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे, कारण त्या वयात "मी राजकन्या आहे" हे डोक्यात शिरायच्या आधी "मग आजवर ज्यांना बाबा म्हणत होते ते कोण" हा प्रश्न येतो ना!

१९९९ मध्ये अल्बर्ट यांची पत्नी राणी पाओला यांच्यावर एक चरित्र आलं, त्यात अल्बर्ट यांना लग्नाबाहेरची एक मुलगी आहे असा ओझरता उल्लेख होता, झालं, पेपरवाल्यांनी नाव शोधून काढलं. त्याच वर्षी नाताळच्या भाषणात राजांनी एवढंच म्हटलं की तीसेक वर्षांपूर्वी आमच्या लग्नात एक कठीण काळ आला होता. मुलीचा उल्लेख नाही. मला हे फार लागलं होतं. सगळ्या देशाला कळलंय, ती तिथेच आहे, आणि वडील कठीण काळ म्हणून पुढे जातात.

मग कोर्टात का नाही गेली असं वाटेल. तर तिथल्या राज्यघटनेप्रमाणे गादीवर असलेल्या राजावर खटला चालत नाही. जुलै २०१३ मध्ये अल्बर्ट यांनी मुलगा फिलीप यांच्यासाठी गादी सोडली तेव्हा कुठे दार उघडलं. त्यातही आणखी एक अडचण होती, आणि ही गोष्ट लिहिणाऱ्यांनी नक्की लक्षात घ्या, की आईचं लग्न झालेलं असेल तर कायद्याने तिचा नवराच बाप धरला जातो. म्हणजे डेल्फीनला आधी हे सिद्ध करावं लागलं की कागदावरचे वडील जाक बोएल हे तिचे वडील नाहीत! ज्यांचं आडनाव आयुष्यभर लावलं त्यांच्यापासूनच आधी कायद्याने वेगळं व्हायचं. २०१७ मध्ये ती खालच्या कोर्टात हरली, २०१८ मध्ये अपिलात जिंकली आणि अल्बर्ट यांना डीएनए द्यायचा आदेश झाला. ते टाळत राहिले, तेव्हा मे २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं, नमुना देईपर्यंत रोज ५,००० युरो भरा. मग दिला नमुना. जानेवारी २०२० मध्ये मान्य केलं की मुलगी माझीच.

१ ऑक्टोबर २०२० ला ब्रुसेल्सच्या अपील कोर्टाने तिला प्रिन्सेस ही पदवी आणि वडिलांचं आडनाव दिलं. वय तेव्हा ५२. तिच्या दोन मुलांनाही पदवी मिळाली. पण गादीवर हक्क मिळाला नाही, सरकारी भत्ता नाही. हे जरा विचित्र वाटतं, कारण बेल्जियममध्ये लग्नाबाहेरच्या मुलांना कमी लेखणाऱ्या कायद्यावर युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने १९७९ मध्येच ताशेरे ओढले आणि १९८७ मध्ये कायदा बदललाही, त्यामुळे वारसा म्हणाल तर तिला भावंडांइतकाच हक्क आहे, पण गादीचा नियम राज्यघटनेत आहे आणि तिथे औरस संतती हीच अट राहिली. मोनॅकोचंही तसंच. तिथल्या प्रिन्स अल्बर्ट यांनी (हे वेगळे अल्बर्ट) जॅझमिन ग्रेस या मुलीला २००६ मध्ये जाहीरपणे आपलं म्हटलं, ती तेव्हा १४ वर्षांची होती, पण गादीच्या रांगेत ती नाही.

म्हणजे एका रात्रीत राजवारस होणं जवळपास नाहीच. नातं मिळतं, तेही मागावं लागतं. डेल्फीनच्या बाबतीत निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत सावत्र भाऊ, म्हणजे राजे फिलीप, तिला स्वतः भेटले, दोघांनी मिळून निवेदन काढलं, आणि महिना संपायच्या आत अल्बर्ट आणि पाओला यांनीही तिला घरी बोलावलं. मला यात भाऊ सगळ्यात आवडले. त्यांच्यावर कोणत्याही कोर्टाची सक्ती नव्हती.

तुमच्या गोष्टीसाठी एकच सुचवतो. राजवाड्याचा सीन नंतर लिहा, आधी आई मुलीला सांगते तो लिहा. आईने इतकी वर्षं का लपवलं, आत्ताच का सांगितलं, आणि जन्मदाखल्यावर कोणाचं नाव आहे, ही तीन उत्तरं तुमच्याकडे पक्की असतील तर पुढचे सीन सुचायला लागतील. आणि त्या कागदावरच्या वडिलांना विसरू नका प्लीज, अशा गोष्टींत त्यांचं काय झालं हे कोणी विचारतच नाही.