प्रश्न वाचकांचे : पट्टी ताणताना आणि कापताना

पॅकिंग खात्यात माल बांधायला वापरतात त्या पट्टीबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. लेथ किंवा प्रेसइतका या कामाचा धाक कुणाला वाटत नाही, म्हणून नवा मुलगा आला की पहिल्याच दिवशी त्याच्या हातात टेन्शनर, म्हणजे पट्टी ताणायचं हत्यार, दिला जातो. हे आम्हाला बरोबर वाटत नाही. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देत आहोत.

आमच्याकडे लाकडी खोक्यांना 19 मिमीची लोखंडी पट्टी हातटेन्शनरने मारतात. महिन्यातून दोन-तीनदा ताणतानाच पट्टी तुटते. मागच्या खेपेस समोर खोकं धरून उभ्या असलेल्या हेल्परच्या कोपराला लागलं. पट्टीचा पुरवठादार बदलला, तरी तेच. – पॅकिंग सुपरवायझर, चाकण

पुरवठादाराला दोष देण्याआधी तुटलेली दोन्ही टोकं उचलून बघा. पट्टी कुठे तुटली, हे टोकच सांगतं. खोक्याच्या कोपऱ्यावर तुटली असेल तर तिथे पट्टीला घडी पडून ती चिरली आहे. अशा ठिकाणी पट्टीखाली कोपरापत्रा किंवा जाड पुठ्ठ्याचा कोन हवाच. टोकावर दात्यांनी खरवडल्याच्या चकचकीत खुणा असतील तर टेन्शनरचं दातेरी चाक घसरतंय. त्या दात्यांत पट्टीचा रंग, मेण आणि धूळ घट्ट बसते. चाक घसरलं की कामगार हँडल आणखी जोरात ओढतो, चाक पट्टी तासतं, पट्टी तिथेच पातळ होते आणि तुटते. रोज पाळी सुरू होताना दाते वायर ब्रशने साफ करा. बोटाच्या नखाला दात्याची धार लागत नसेल तर चाक बदला. चाकावर तेल-ग्रीस मात्र कधीच लावू नका. तेल बेअरिंगला आणि पिनांना.

आता ताकदीचा हिशेब. 19 × 0.5 मिमीच्या साध्या पट्टीचा छेद 9.5 चौरस मिमी भरतो, म्हणजे ती साधारण सातशे किलोच्या आसपास तुटते. पट्टीची दोन टोकं जिने जोडतात त्या क्लिपच्या जोडाची ताकद त्याहून बरीच कमी असते. हातटेन्शनर तीन-चारशे किलोचा ताण आरामात देतो, आणि माल बांधायला तेवढा पुरतो. हँडलला पाइप घालून लांबी वाढवली की हा हिशेबच मोडतो. तुमच्या शेडमध्ये टेन्शनरजवळ पाइपचा तुकडा पडलेला असेल तर तो आजच भंगारात टाका.

हेल्परच्या कोपराचं कारण वेगळं आहे. पट्टीचा वेढा ज्या पातळीत असतो त्याच पातळीत ती तुटल्यावर उसळते, आणि दोन्ही टोकं चाबकासारखी सुटतात. खोक्याभोवती पट्टीची जी रेघ दिसते, ती मनातल्या मनात दोन्हीकडे दोन-तीन मीटर वाढवा. त्या रेघेत कुणी उभं राहायचं नाही. ताणणाराही नाही. तो रेघेच्या बाजूला, एक पाय पुढे एक मागे ठेवून उभा राहील. अचानक तुटली तर हँडलसकट मागे पडायला होतं, म्हणून स्टुलावर, पॅलेटवर किंवा ट्रकच्या फाळक्याजवळ उभं राहून ताणू नये. खोकं हलत असेल तर त्याला पाचर लावा. ते धरायला माणूस उभा करू नका.

स्टीलच्या कॉइलची (पत्र्याच्या गुंडाळीची) पट्टी आमच्याकडे छिन्नी-हातोड्याने तोडतात, कधी ग्राइंडरने. कटर मागितला की ‘इतकी वर्षं असंच चाललंय’ म्हणतात. योग्य पद्धत काय? – मशीन ऑपरेटर, कळंबोली

तुमची मागणी शंभर टक्के रास्त आहे. छिन्नी मारताना माणसाचा चेहरा बरोबर पट्टीच्या वर असतो आणि तुटलेल्या टोकांना कुणीही धरलेलं नसतं. ग्राइंडरने ठिणग्या उडतात, चकती अडकते, आणि पट्टी अर्धी कापल्यावर उरलेली ती स्वतःच तुटते, म्हणजे नेमकी कधी सुटेल ते हातात राहत नाही. पहार घालून पिळून तोडणं तर सगळ्यात वाईट. लांब दांड्यांचा पट्टी-कटर घ्या. खालचा जबडा चपटा असलेला, पट्टीखाली सहज सरकणारा. कापल्यावर टोकं दाबून धरणारे रबरी पॅड त्याला असतील तर फारच उत्तम.

कॉइलमध्ये पट्टीइतकाच धोका कॉइलच्या शेवटच्या वेढ्याचा असतो. पत्रा जितका जाड, तितकी त्याची उलगडायची ओढ जास्त. चार-सहा मिमीचा पत्रा पट्टी सुटताच झपकन उघडतो, आणि त्याच्या वाटेत आलेल्या पायाचं काय होतं ते सांगायला नको. म्हणून कॉइल सॅडलवर (टेकवायच्या खोलगट बैठकीवर) ठेवतानाच बाहेरचं टोक खाली, घड्याळाच्या पाच ते सहाच्या जागी येईल असं फिरवून ठेवा. कॉइलचं वजनच त्या टोकाला दाबून धरतं. दोन्हीकडून पाचरी लावा.

पट्ट्या दोन तऱ्हेच्या असतात. काही कॉइलच्या भोकातून बाहेर येऊन वेढलेल्या, काही पोटावरून गोल गेलेल्या. भोकातल्या आधी कापा, पोटावरच्या सगळ्यात शेवटी. पोटावरची शेवटची पट्टी कॉइल डीकॉइलरवर (ती उलगडणाऱ्या यंत्रावर) चढून तिला वरून दाबणारा दाबरोलर खाली बसल्याशिवाय कापायचीच नाही. उभं राहायची जागाही पट्टीप्रमाणे बदलते. पोटावरची कापताना भोकाच्या बाजूला उभे राहा, कारण ती पट्टी कॉइलच्या गोलाईच्या दिशेने उसळते. भोकातली पट्टी मात्र भोकाकडे आणि बाहेर अशी दोन्हीकडे येते. तिच्या समोर न राहता एका अंगाला सरका, चेहरा कटरच्या मागे आणि दूर. कटर पट्टीला काटकोनात लावा. तिरकं कापलं की टोक सुरीसारखं टोकदार राहतं. कापण्याआधी मोठ्याने सांगा, समोरचा हलला याची खात्री करा, मगच दाबा. क्रेनच्या हुकाला कॉइल लटकलेली असताना पट्टीला हात लावू नये.

पट्टीत हुक घालून बंडल उचललं तर चालतं का? थोडंच सरकवायचं असतं. – गोदाम कर्मचारी, भिवंडी

नाही. पट्टी माल एकत्र बांधण्यापुरती असते. उचलताना सगळा भार एका बिंदूवर येतो आणि क्लिप उघडते. स्लिंग (उचलायचा पट्टा किंवा दोर) किंवा फोर्कलिफ्ट वापरा.

सूतगिरणीत रुईच्या गाठींना आता लोखंडाऐवजी प्लॅस्टिकची पट्टी येते. ती कापताना चष्मा लागतो का? – ब्लोरूम कामगार, इचलकरंजी

लागतो. पॉलिएस्टरची पट्टी हलकी असते, तिची कडा लोखंडाइतकी कापत नाही, म्हणून ती निर्धोक वाटते. पण लोखंडी पट्टी ताणली तरी नावापुरतीच लांबते, ही मात्र चांगलीच लांबते. त्या लांबण्यात साठलेली ऊर्जा कापताक्षणी बाहेर पडते. शिवाय 170 किलोची गाठ प्रेसमध्ये दाबलेली असते, ती आतून पट्टीला ढकलतच असते. शेवटच्या एक-दोन पट्ट्यांवर सगळा जोर येतो, तिथे घाई करू नका. गाठ पाडून, स्थिर करून, बाजूने कापा. विळी, ब्लेड नको.

एक गोष्ट विचारली नाहीत, तरी सांगायलाच हवी. प्रत्येक गाठीच्या पट्ट्या मोजून कापा आणि तितक्याच तुकड्यांची मोजणी करून बाजूच्या डब्यात टाका. लोखंडी तुकडा यंत्रात गेला तर ठिणगी पडून ब्लोरूमला, म्हणजे गाठी फोडून रुई साफ करायच्या विभागाला, आग लागू शकते. प्लॅस्टिकचा गेला तर तंतू थेट सुतात उतरतात.

बॅटरीच्या टूलने प्लॅस्टिकच्या पट्टीला केलेला जोड पॅलेट उचलताना सुटतो. टूल खराब आहे का? – डिस्पॅच विभाग, नाशिक

आधी पट्टी पुसून बघा. हे टूल दोन पट्ट्या एकमेकींवर घासून वितळवतं. मध्ये धूळ किंवा तेल असेल तर जोड वरवर चिकटतो. जोड झाल्यावर टूलवर दाखवलेला थंड होण्याचा वेळ संपेपर्यंत लिव्हर उघडायची नाही. पाळीच्या सुरुवातीला एक जोड कापून हाताने उकलून पाहा. सबंध रुंदीभर सारखी खरखरीत खूण हवी. एका कडेलाच असेल तर वेल्डचा वेळ वाढवा, तरी फरक पडला नाही तर टूल दुरुस्तीला द्या. पट्टी अडकली तर बॅटरी काढून मगच बोटं घाला. हवेच्या टूलला हीच शिस्त, नळी काढून.

कोणते हातमोजे मागवावेत? – स्टोअर कीपर, बुटीबोरी

सुती मोजे पट्टीपुढे टिकत नाहीत. ईएन 388 (हातमोज्यांचं युरोपीय मानक) ची खूण असलेले, कापण्यापासूनच्या संरक्षणाचं अक्षर C किंवा त्यापुढचं असलेले घ्या. मनगट झाकणारे घ्या, कारण कापलं जातं ते बहुधा मोजा आणि बाही यांच्यामधल्या उघड्या जागी. डोळ्यांना बाजूचा आडोसा असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा, आणि कॉइलच्या कामाला त्यावर फेस शील्ड. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही.

पट्टीचं टोक डोळ्याला लागलंच तर पहिल्या पाच मिनिटांत काय करावं? – महिला कामगार, रांजणगाव

डोळा चोळू देऊ नका, पाण्याने धुऊ नका, काही घुसलेलं असेल तर ते ओढून काढू नका. त्या व्यक्तीला बसवा किंवा डोकं थोडं उंच ठेवून निजवा. स्वच्छ कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून चिकटपट्टीने असा लावा की कपाची कड हाडावर टेकेल आणि बुबुळावर दाब येणार नाही. दुसरा डोळाही मिटून शांत राहायला सांगा, कारण एक डोळा हलला की दुसराही हलतो. खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. औषधाचे थेंब घालू नका. कारखान्यातल्या प्रथमोपचार खोलीत वेळ न घालवता नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या, आणि किती वाजता, कशाने लागलं ते चिठ्ठीवर लिहून सोबत द्या.