बाळंतपणाची रजा संपत आली, आता कामाची वेळ बदलून कशी मागायची?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी २२ वर्षं पर्सोनेलला, म्हणजे नेमणुका-रजा बघणाऱ्या खात्यात होते. त्यात रजेवरून परत आलेल्या कितीतरी बायकांचे राजीनामे या हातानं फाईलला लावलेत, आणि त्यातल्या निम्म्या तरी बायकांनी त्याआधी साहेबांना काही मागितलंच नव्हतं, हे आठवलं की अजून जीव तुटतो. म्हणून या वेळी याच विषयावरचे प्रश्न घेतलेत.

टिळकवाडीहून एक ताई विचारतात: मी पुण्याच्या आयटी कंपनीत आहे. बाळ ५ महिन्यांचं. रजा पुढच्या महिन्यात संपते आणि मॅनेजर म्हणतो आठवड्यातून ३ दिवस पुण्यात ऑफिसला यायचं. वर्क फ्रॉम होम हा माझा हक्क आहे का?

खरं सांगायचं तर अर्धा आहे. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, त्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, २६ आठवडे पगारी रजा त्यातूनच आली (पहिल्या दोन मुलांपर्यंत, तिसऱ्याला १२ आठवडे), आणि नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्यात. त्यात असं आहे की काम घरून होण्यासारखं असेल तर रजा संपल्यावर कंपनी आणि बाई दोघांनी ठरवून घरून काम करता येतं. 'दोघांनी ठरवून' हे नीट लक्षात घ्या. म्हणजे कंपनीवर सक्ती नाही, पण तुम्ही मागताय ते काही उपकार म्हणून नव्हे, कायद्यातच त्याला जागा आहे. आणि तुमचं काम लॅपटॉपवरचं, ते घरून होत नाही असं मॅनेजरला म्हणणंही जड जाईल.

आता मागायचं कसं? फोनवर नको, मेल करा, आणि हजर व्हायच्या निदान दीड महिना आधी. तुमचा एक महिनाच राहिलाय, तर आज रात्री बाळ झोपल्यावर लिहा. 'बाळ लहान आहे, सांभाळून घ्या' असं लिहू नका. असं लिहा: अमुक तारखेला हजर होते, पहिले ६ महिने बेळगावहून काम करीन, सकाळी ९ ते ६ लॉगिन, दुपारी १ ते २ उपलब्ध नसेन, महिन्यातून ३ दिवस सलग पुण्यात येईन, ३ महिन्यांनी आपण बसून बघू कसं चाललंय ते. तारीख, तास, मुदत. मॅनेजरला पुढे एचआरला काय पाठवायचं ते आयतं मिळालं की त्याचं 'हो' म्हणणं सोपं होतं, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून बघितलंय. नाही म्हटलाच तर कारण मेलवरच मागा.

अनगोळहून एक बहीण: मी उद्यमबागेत मशीन शॉपच्या अकाउंट्सला आहे, साडेआठ ते साडेपाच. बाळ ७ महिन्यांचं, अजून अंगावर पितं. मालक म्हणतात वेळ बदलायचा नियम नाही. मग नोकरी सोडू का?

सोडू नका. आधी हे वाचा, आणि सासूबाईंनाही वाचून दाखवा.

मालकांचं एका अर्थानं बरोबर आहे, 'मला १० ते ४ द्या' असा हक्क आपल्या कायद्यात सरसकट कुणाला नाही. पण मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत बाळाला पाजायला दिवसातून दोन सुट्ट्या द्यायच्याच, जेवणाच्या सुट्टीशिवाय वेगळ्या, हे लिहिलेलं आहे. आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय हवी, तिथं दिवसातून ४ वेळा जाऊ द्यायचं, त्यात जेवणाची सुट्टी धरून.

मला एक मुलगी आठवते. स्टोअरला होती. साडेअकरा वाजले की दुपट्टा पुढून घट्ट लपेटून घ्यायची आणि बेअरिंगच्या रॅकमागे जायची, तिथं ग्रीसच्या वासात, एका उपड्या क्रेटवर बसून हातानं दूध काढून रुमालात टिपायची आणि रुमाल पिळून परत रजिस्टरला बसायची. बाळ घरी, जेमतेम दोन किलोमीटरवर. दोन सुट्ट्या तिच्या हक्काच्या होत्या, तिला कुणी सांगितलंच नाही, आणि नेमणुकीच्या वेळीच हे सगळं बाईला लेखी कळवायचं हे मालकाचं काम आहे. चौथ्या महिन्यात तिनं काम सोडलं.

तर तुम्ही काय करा, अनगोळ ते उद्यमबाग स्कूटीवर किती वेळ लागतो, बाळ पाजून परत यायला किती लागतो, हे एक दिवस घड्याळ लावून बघा. मग अर्ज द्या की दोन सुट्ट्या अमुक वाजता घेईन, नाहीतर दोन्ही एकत्र करून संध्याकाळी लवकर सोडा. दुसरा पर्याय बऱ्याच मालकांना आवडतो, मधेच खुर्ची रिकामी दिसत नाही. अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडात द्या, म्हणजे उद्या लेबर ऑफिसात न्यायची वेळ आली तर परत भाषांतर करत बसायला नको, आणि कॉपीवर तारखेसह पोच सही घ्या. सही देत नसतील तर तोच अर्ज व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवा.

दूध काढून ठेवायचं असेल तर बाहेर साधारण ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मात्र बाहेर ठेवूच नका.

निपाणीहून: मी कागलच्या एमआयडीसीत जाते. घर कर्नाटकात, कारखाना महाराष्ट्रात. आता मला सेकंड शिफ्टला टाकतायत, रात्री ११ ला सुटते. तक्रार कुठं करायची, बेळगावला की कोल्हापूरला?

कोल्हापूरला. कामाची जागा जिथं, तिथलं कामगार खातं. कायदा केंद्राचा आहे त्यामुळे बॉर्डरच्या अल्याड-पल्याड हक्क तेच, आणि कोल्हापूरला अर्ज मराठीत चालतो. संध्याकाळी ७ नंतर बाईला कामाला लावायचं तर तिची संमती लागते. शिफ्टच्या कागदावर सही मागितली तर आधी वाचा, संमतीपत्र असेल आणि तुम्हाला जायचं नसेल तर सही करू नका, 'जनरल किंवा फर्स्ट शिफ्ट द्यावी, बाळ अमुक महिन्यांचं आहे' असं लिहून द्या. घाबरू नका, पण एकटीनं जाण्यापेक्षा अजून दोघी असतील तर त्यांनाही घ्या.

खानापूर तालुक्यातून एक शिक्षिका: खासगी शाळेत १० महिन्यांच्या करारावर आहे. प्रसूती एप्रिलमध्ये, करार मार्चला संपतो. शाळा म्हणते रजेचे पैसे नाहीत.

करार संपला म्हणून मातृत्व लाभ संपत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ ला एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय. अट एकच, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं, ते तुमचं झालंय. हजेरीच्या पानांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. पुढच्या वर्षीचा करार द्याच असं मात्र यातून म्हणता येत नाही, म्हणून जूनच्या टाइमटेबलचं बोलणं हेडबाईंशी आधीच करा. पहिला तास नको एवढंच मागा. बायकांच्या मोफत प्रवासाच्या शून्य तिकिटामुळे सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते हे त्यांनाही माहीत आहे. आणि गावच्या पंचायतीत 'कूसिन मने', म्हणजे पंचायतीचं पाळणाघर, चालू आहे का विचारा, ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांसाठी आहे, मुख्यतः रोजगार हमीवरच्या बायकांच्या, पण विचारायला काय जातंय.

वडगावहून एक भाऊ: बायको पुढच्या महिन्यात कामावर रुजू होणार. मी शिफ्ट बदलून मागितली तर लोक हसतील का?

हसू देत की! खासगी नोकरीत बापाच्या रजेचा कायदा नाही, पण शिफ्ट मागायला कुठल्या कायद्याची गरज नाही. तुम्ही फर्स्ट शिफ्ट घेतलीत तर ३ नंतर बाळ तुमच्याकडे, म्हणजे आजीला फक्त सकाळ सांभाळायची. २२ वर्षांत माझ्याकडे असा अर्ज एकाच बापाचा आला होता, टर्नर होता, मी त्याच दिवशी मंजूर करून घेतला. तुम्ही सोमवारीच द्या.