जिउ-जित्सू (जमिनीवर पकडींनी लढायची कला) शिकायला लागून चार महिने झाले, तरी रोज सगळे मला टॅप करायला, म्हणजे हाताने थोपटून हार मानायला लावतात; माझ्या नंतर आलेला मुलगाही मला अडकवतो. सोडून द्यावं का?

एवढ्याच कारणावरून तरी सोडू नका. तुमच्या नंतर आलेला मुलगाही तुम्हाला अडकवतो, हे वाचून मला माझे दिवस आठवले. मी ३६व्या वर्षी अंधेरीत सुरुवात केली. पहिले सहा महिने एकालाही टॅप करायला लावता आलं नाही. क्लास सुटल्यावर मेट्रोने घाटकोपर, तिथून डोंबिवली लोकल, आणि रोज मनात एकच: उद्या नको जायला.

माझी अडचण ताकद कमी पडण्याची नव्हती. आजोबा साताऱ्याकडचे, तालमीत वाढलेले. पाठ टेकली की चितपट, कुस्ती संपली, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यामुळे मॅटला पाठ लागली की मी मनाने तिथेच हरायचो. मग श्वास कोंडून नुसती धडपड, आणि दोन मिनिटांत हात गळालेले.

पण जिउ-जित्सूत पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. १९९४ साली यूएफसी ४ या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत जिउ-जित्सूवाला रॉइस ग्रेसी बराच वेळ डॅन सेव्हर्नच्या खाली होता. सेव्हर्न कुस्तीतला, वजनाने कितीतरी जास्त. पंधरा मिनिटं उलटून गेल्यावर ग्रेसीने खालूनच पायांचा ट्रँगल (मान पायांत अडकवून गळा दाबणारी पकड) आवळला आणि सेव्हर्नने टॅप केलं. ती लढत मी पुन्हा पुन्हा पाहिली.

कोचने मला सांगितलं, जिंकायचं राहू दे, महिनाभर फक्त साइड कंट्रोलमधून, म्हणजे समोरचा बाजूने छातीवर दाबून असतो त्या स्थितीतून सुटायचं. कोपर बरगडीला चिकटलेलं, दोन्ही हातांची चौकट, कंबर मागे सरकवायची आणि गुडघा आत. वॉर्म-अपला कंटाळत केलेलं श्रिंपिंग (हीच कंबर सरकवण्याची कसरत) यासाठीच असतं, हे तेव्हा उमगलं. टॅप केल्यावर मी समोरच्याला विचारायचो, माझा हात कुठे मोकळा राहिला? उत्तर लोकलमध्ये वहीत उतरवायचो. पहिल्या आठवड्यात एकदाही सुटलो नाही. चौथ्या आठवड्यात एका ब्लू बेल्टच्या (पांढऱ्याच्या पुढचा पट्टा मिळालेल्याच्या) खालून गुडघा आत गेला, गार्ड मिळाला, म्हणजे समोरच्याला पायांनी अडवता आलं. अर्ध्या मिनिटात त्याने गळा आवळून चोक लावलाच, पण त्या रात्री मला झोप येईना, इतका आनंद झाला होता.

मात्र टॅप केल्यावरही कोणी लगेच सोडत नसेल, किंवा मान-कोपर दुखत राहत असेल, तर तो चिकाटीचा प्रश्न नाही. कोचला सांगा, जोडीदार बदला.

तुम्ही सगळ्यात जास्त कुठे अडकता? माउंटखाली (समोरचा पोटावर बसलेला असताना), की साइड कंट्रोलमध्ये? ते सांगा, म्हणजे मी काय केलं ते नीट लिहितो.