सोयाबीनचा वाण बदलला की रायझोबियमही बदलायचं का?

तुम्ही विचारलंय की यंदा जेएस ३३५ सोडून फुले संगम पेरणार, तर कल्चरही (म्हणजे बियाण्याला चोळायचे रायझोबियम जिवाणू, जे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देतात) वेगळं घ्यायचं का. नको. पाकीट सोयाबीनचं, म्हणजे ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकमचं असलं की झालं. हरभऱ्याचं उरलेलं कल्चर मात्र खपवू नका, त्याचे जिवाणू वेगळे.

तरी शंका रास्त आहे. सोयाबीनचं मूळ जेनिस्टीन, डेडझीन अशी द्रव्यं सोडतं, ती ओळखून जिवाणू उलट संकेत देतो, मुळाचे केस वळतात आणि जिवाणू आत शिरतो. इथंच काही वाण आडवे येतात. अमेरिकेतल्या हार्डी वाणात आरजे-२ नावाचं जनुक आहे. जिवाणू मुळात जी प्रथिनं सोडतो त्यांतलं नॉप-पी हे जनुक ओळखतं आणि ठरावीक जातींच्या जिवाणूंना मुळावर गाठ बांधूच देत नाही, जणू रोगजंतूच आलाय. उलट नायजेरियातल्या आयआयटीए या शेती संशोधन संस्थेने टीजीएक्स वाण मुद्दाम असे काढले की तिथल्या मातीतल्या स्थानिक जिवाणूंशीही त्यांचं जमावं. गरीब शेतकऱ्याला कल्चर मिळेलच असं नव्हतं ना!

आपल्याकडं खरी अडचण बहुतेकदा वाणाची नसते. वर्षानुवर्षं सोयाबीन घेतलेल्या रानात जुने जिवाणू ठाण मांडून असतात आणि पाकिटातल्यांना जागा मिळत नाही. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये ‘१२३’ नावाच्या गटातल्या जिवाणूंनी शास्त्रज्ञांना असंच जेरीस आणलं होतं. म्हणून पहिल्यांदाच सोयाबीन येणाऱ्या रानात कल्चरचा फरक जास्त दिसतो, जुन्या रानात कमी.

मी तर पाकिटापेक्षा गाठींवर विश्वास ठेवतो. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी वाफशावर खुरप्याने मातीसकट झाड काढा (उपटलं तर गाठी जमिनीतच राहतात), मुळं धुवा आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल म्हणजे लेगहिमोग्लोबिन (चालू गाठीतलं लाल द्रव्य) आहे, काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर त्या गाठीतून नत्र मिळत नाही. पाणी साचणाऱ्या तुकड्यातली झाडं वेगळी बघा, तिथं हवेअभावी गाठी मार खातात.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी कल्चर, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. गाठी लाल दिसत असतील तर शेजाऱ्याचं बघून युरिया फेकू नका. आयतं नत्र मिळालं की झाड गाठींकडं दुर्लक्ष करतं.