‘व्यसनमुक्त’ कोणाला म्हणायचं?

एका ताईंनी विचारलंय : ‘भाऊ पूर्वी रोज प्यायचा, आता फक्त शनिवारी दोन पेग घेतो. घरात सगळे त्याला व्यसनमुक्त म्हणतात. हा शब्द बरोबर आहे का?’

नाही, ताई. ‘मुक्त’ला पायऱ्या नसतात. निम्मं कर्ज फिटलेल्याला आपण कर्जमुक्त म्हणत नाही, कर्ज कमी झालं म्हणतो. भावाबद्दलही ‘दारू कमी केली’, ‘आटोक्यात आणली’ म्हणा. त्यात कमीपणा नाही. रोजची शनिवारवर आणणं सोपं नसतं. ‘निर्व्यसनी’ मात्र चालणार नाही, तो ज्याला व्यसन कधी लागलंच नाही असा माणूस.

थोडं सोडणं आणि पूर्ण सोडणं हा भेद आपल्या बोलीत आधीपासून आहे. एक ‘श्रावण पाळतो’, दुसऱ्याने ‘माळ घातली’. श्रावण पाळणारा गटारीला भरपूर घेतो आणि महिना कधी सरतो याची वाट बघतो. वारकऱ्याच्या माळेला अशी मुदत नसते. ‘सोडणे’ हे क्रियापद तर इथे चक्क उलटं फिरतं. दारू सोडली म्हणजे पिणं थांबलं, पण उपास सोडला म्हणजे खाणं सुरू झालं!

दारूला अजिबात न शिवणाऱ्यासाठी इंग्रजीत असलेला ‘टीटोटल’ हा शब्दही याच भेदातून आला. इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या दारूविरोधी मंडळ्या फक्त कडक दारू सोडायला सांगत, बिअर चालायची. सगळंच सोडा म्हणणाऱ्यांमध्ये प्रेस्टनचा रिचर्ड टर्नर होता. १८३३ साली त्याने सभेत हा शब्द वापरला असं सांगतात. चहाशी त्याचा संबंध नाही, ‘टोटल’च्या पहिल्या अक्षराची ती द्विरुक्ती आहे.

आता ‘सोडली’ आणि ‘सुटली’. ‘मी दारू सोडली’ यात करणारा मी आहे. ‘माझी दारू सुटली’ यात काम आपोआप झालं आणि संपलंही. माझे मामा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेच्या सभांना जायचे. अकरा वर्षं थेंब घेतला नव्हता, तरी ‘सुटली’ हा शब्द ते कोणाला वापरू देत नसत. मावसबहिणीच्या लग्नात एका पाहुण्याने आग्रह केला, ‘आता सुटलीय ना, मग एक घोट घ्यायला काय हरकत?’ मामांनी हातातला पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, ‘सुटलेली नाही हो. आज घेतलेली नाही.’